चारशे सतरा नंबरचा जोड

सोलापूर स्टेशनातून गाडी हलली आणि ह्यांनी पहिला प्रश्न विचारला, "डायरी घेतलीस न्हवं?" मी म्हटलं, घेतली. मोहोळ येईपर्यंत हाच प्रश्न आणखी दोनदा झाला. तिसऱ्यांदा मी पिशवीतून डायरी काढून त्यांच्या मांडीवरच ठेवली. मग ते गप्प बसले, पण हात मात्र डायरीवरून काढला नाही.

हे म्हणजे आमचे मालक, सिद्राम मिस्त्री. मंगळवेढ्याच्या बाजूचं गाव त्यांचं. उमेदीची सगळी वर्षं साखर कारखान्यात वेल्डिंग केलं. आता सत्तरी झाली, आणि त्या उजेडानं म्हणा की वयानं म्हणा, डोळे बरेच गेलेत. समोरचा माणूस कळतो, त्याचं तोंड कळत नाही. मी कलावती. टॉवेलच्या कारखान्यात सव्वीस वर्षं मशीनवर कडा शिवल्या. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचणं-लिहिणं टॉवेलाच्या गठ्ठ्यांवरची लेबलं वाचत वाचत आलं. तेव्हा लिहिण्यात काही इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या.

आम्ही दोघं निघालो होतो बोटीत बसायला. आमच्यासारख्यांनी बोटीत कशाला बसायचं, असं गल्लीत चारचौघींनी विचारलंच. समुद्र बघायला, असं मी सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. खरं कारण ह्या लिहिण्यात पहिल्यांदाच सांगते.

पंचवीसेक वर्षांमागे कारखान्याचा हंगाम लागोपाठ दोनदा लवकर उरकला आणि हे आखातात कामाला गेले. तिथं बोटी दुरुस्त करायची मोठी गोदी आहे. (गोदी म्हणजे समजा एक भलामोठा हौद. बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी उपसायचं, की बोट कोरडी.) तिथं एक प्रवासी बोट आली होती, परदेशी लोकांना समुद्रात फिरवून आणणारी. बोटीच्या मालकाला ती लांब करून हवी होती. तर त्यांनी काय केलं, बोट मधोमध कापली, दोन भाग लांब सरकवले, आणि मध्ये नवा तुकडा घालून परत जोडली. मला हे पत्रात कळलं तेव्हा मी मैत्रिणींना सांगितलं, तंग झालेलं पोलकं उसवून बाजूला पट्टी घालतात की, तसंच. फक्त पट्टीच आमच्या गल्लीएवढी.

त्या जोडावर जे वेल्डर होते त्यांत हे एक. प्रत्येकाला नंबर होता. जोड पुरा झाला की शेजारी लोखंडावर आकड्यांच्या पोलादी पंचानं आपला नंबर ठोकायचा, म्हणजे उद्या तडकला तर कुणाचा हात होता ते कळतं. ह्यांचा नंबर चारशे सतरा.

आता चूक काय झाली ते. तिथला गोरा मुकादम जेवायच्या सुट्टीत बोलता बोलता म्हणाला, ही बोट पहिल्यांदा बांधली तेव्हा रीतीप्रमाणे तिच्या डोलकाठीखाली नाणं ठेवलेलं आहे. झालं. ह्यांच्या डोक्यात बसलं की जुन्या बोटीला नाणं मिळालं, नव्या तुकड्याला कुणी काहीच घातलं नाही. आमच्याकडं घराची चौकट बसवताना खाली मूठभर ज्वारी टाकतात. सासूबाई तर चूल घातली तरी टाकायच्या. हे निघताना मीच एका लहानशा थैलीत मंगळवेढ्याची ज्वारी बांधून दिली होती, घरची आठवण म्हणून. दसरा आला. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्या मुलखातल्या पोरांनी वेल्डिंगच्या होल्डरला हळदकुंकू लावलं. आणि ह्यांनी एक पोकळ तुळई बंद करायच्या आधी त्या थैलीतली ज्वारी आत ओतली आणि तोंडाला पट्टी जोडली, शेजारी नंबर ठोकला.

लोखंड तापल्यावर ज्वारीचं काय होणार? लाह्या. तुळईतून तडतड आवाज यायला लागला. मुकादम पळत आला. जोड गार होताना तडकला की असाच आवाज येतो म्हणे. त्यानं काम थांबवलं, खडूनं फुली मारली, तपासणाऱ्यांना बोलावलं. हे तोंडातून शब्द काढीनात. लोखंडात भलतं काही घातलं म्हटल्यावर ह्यांच्याबरोबर आपली सगळीच पोरं परत पाठवली असती. त्या दिवसापासून ह्यांना जोडावरून काढलं आणि उरलेली मुदत रंग खरवडायला लावलं. त्या फुलीचं पुढं काय झालं, जोड कापून दुसऱ्यानं केला का तसाच राहिला, ते कधी कळलंच नाही.

घरी आल्यावर हे परत कारखान्यात गेले, पण बॉयलरच्या जोडाला म्हणून हात लावला नाही. साहेब म्हणायचे, मिस्त्री, तुमच्यासारखा हात नाही, घ्या की. हे म्हणायचे, डोळे दुखतात. तेव्हा डोळे चांगले होते. पुढं खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं करत बसले. हे सगळं मला सांगायला त्यांना नऊ वर्षं लागली.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंगलनं, म्हणजे लेकीनं, मोबाईलवर बातमी वाचून दाखवली. मुंबईहून गोव्याला जाणारी एक प्रवासी बोट ह्या मोसमानंतर मोडीत निघणार, गुजरातच्या किनाऱ्यावर तोडायला जाणार. ह्यांनी विचारलं, नंबर काय तिचा? बोटीचं नाव मालक बदलला की बदलतं, पण तिला जन्माचा एक सात आकडी नंबर असतो, तो मरेपर्यंत तोच. ह्यांच्या डायरीत तो लिहिलेला होता. मंगलनं शोधला, जुळवून बघितला, आणि म्हणाली, "दादा, तुमचीच बोट हाय की ही." ह्यांनी चहा घेतला नाही त्या दिवशी.

म्हणून हा प्रवास.

मुंबईत मंगलची नणंद राहते, तिच्याकडं मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी टॅक्सीनं बंदरावर गेलो. बोट दिसायच्या आधी तपासणी. आमच्या पिशवीत कडक भाकऱ्या (पातळ थापून पापडासारख्या वाळवलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या, महिनाभर टिकतात), शेंगाचटणी आणि डब्यात दही. तपासणीवाल्यानं पडद्यावर बघितलं आणि मला बाजूला घेतलं.

"माताजी, ये गोल गोल क्या है? थाली है?"

"भाकरी है. कडक."

त्यानं एक काढून बोटानं वाजवून बघितली. "ये तो बजती है."

"बजनीच चाहिए. नहीं बजी तो समझना बिघड गई."

तो हसला आणि सोडलं. चटणीचा वास घेतला आणि दोनदा शिंकला, तीही सोडली. दही मात्र ठेवून घेतलं, परत येताना मिळेल म्हणाला. तीन दिवसांनी दह्याचं काय होतं ते त्याला कुणी सांगायचं.

बाहेर आलो तर समोर पांढरी भिंत. मी वर बघितलं, मग आणखी वर, मग पदर डोक्यावरून घसरला. सोलापूरच्या गिरणीची चिमणी आडवी पाडली तरी हिच्या निम्म्यात येईल. पुढच्या टोकाला नाव लिहिलेलं, नीलरत्ना. पण ऊन तिरपं होतं, आणि त्या उजेडात नावाखाली रंगातून दुसरी अक्षरं वर आलेली दिसत होती, आणि त्यांच्याही खाली आणखी. पाटीवर पुसलेलं दिसतं ना, तशी. मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "अक्षरं लोखंडाची जोडत्यात. नाव बदललं की घासून काढत्यात, पण मूळ काय जात न्हाय."

जिना चढताना त्यांनी हात लांब करून बोटीला लावला. मागची बाई म्हणाली, आजोबा, रंग लागेल. हे म्हणाले, लागू दे.

आमची खोली लहान, पण नीटनेटकी. पलंगावर टॉवेलाचा हत्ती करून ठेवलेला. मी आधी हत्ती सोडवला आणि टॉवेलाची कड उलटून बघितली. टाके लांब होते. आमच्याकडं असे टाके घातले असते तर सुपरवायझरनं गठ्ठा तोंडावर मारला असता. ह्यांना म्हटलं, "माल आपला न्हाय." ते म्हणाले, "तू हितं पण कडाच बघ."

"आन् तुमी काय बघायला आलाय?"

त्यांनी भिंत बोटाच्या पेरानं वाजवून बघितली.

दुसरा दिवस पूर्ण समुद्रातच होता. सकाळी नाश्त्याला सतरा प्रकार मांडलेले, त्यात भात होता, पाव होते, कलिंगडाचे कोरून केलेले मोर होते. मी उपीट घेतलं. त्यात साखर होती. आमची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली तेव्हा बरं वाटलं. शेजारच्या टेबलावर अक्कलकोटचं एक जोडपं होतं. त्या बाईनं भाकरीचा आवाज ऐकून मान वळवली आणि थेट कानडीतच मला विचारलं, कुठली म्हणून. मला कानडी बोलता येत नाही, समजतं. मी अर्धी भाकरी आणि चटणी तिच्या ताटलीत ठेवली. तेवढं दोघींना पुरलं.

बोटीच्या मोठ्या जिन्यात तिचा सगळा जन्म फोटोंतून लावलेला आहे. मी एकेक फोटो ह्यांना वाचून दाखवला. पहिल्या फोटोत नुसता लोखंडी सांगाडा, मागं बर्फ. थंड मुलखातल्या कारखान्यात बांधली तिला. मग पाण्यात सोडतानाचा फोटो, टोपी घातलेली एक बाई बाटली फोडतेय. पहिलं नाव एका राणीचं. तेव्हा ती लोकांना बर्फाचे डोंगर दाखवायला न्यायची. मग विकली, दुसरं नाव मिळालं, गरम बेटांवर फिरायला लागली. मग तो फोटो. गोदीत बोट दोन तुकडे होऊन उभी, मधल्या मोकळ्या जागेतून पलीकडचं आभाळ दिसतंय, आणि खाली माणसं, मुंग्यांएवढी.

"माणसं दिसत्यात?" ह्यांनी विचारलं.

"दिसत्यात, पण लई बारीक. पिवळ्या टोप्या."

"आमच्या पिवळ्याच हुत्या."

त्या फोटोपुढं आम्ही इतका वेळ उभे राहिलो की येणारी-जाणारी माणसं आम्हाला वळसा घालायला लागली.

पुढचं मी ठरवलंच होतं. चौकशीच्या टेबलावर गेले. तिथली मुलगी फार गोड बोलली, पण प्रवाशांना खाली कामगारांच्या भागात सोडत नाहीत, एवढंच चार प्रकारे सांगितलं. मी म्हटलं, बाई, आम्ही काही चोरणार नाही, एक तुळई बघायची आहे. तिला तुळई कळेना. मी सांगायला लागले तर मागं रांग झाली. ह्यांनी माझा दंड धरला. "चल. न्हाय म्हणत्यात तर न्हाय."

हे असेच. एकदा कुणी फुली मारली की तिथंच थांबतात. मला राग आला. वरच्या उघड्या मजल्यावर जाऊन बसलो.

तिथं कठडा रंगवायचं काम चाललेलं. पांढरी दाढी, डोक्यावर विणलेली टोपी, असा एक माणूस पोरांकडून काम करून घेत होता आणि मराठीत ओरडत होता, "अरे आधी खरवड, मग रंग लाव. गंजावर रंग लावून कुणाला फसवतोस, समुद्राला?" ह्यांनी मान वर केली. खरवडायचा आवाज त्यांच्या ओळखीचा. म्हणाले, "पातं आडवं धरायला सांगा त्याला. उभं धरलं की लोखंड ओरबाडतंय."

तो माणूस वळला. "मिस्त्री काय तुम्ही, चाचा?"

त्याचं नाव इब्राहिम. रत्नागिरीकडचा, खाडीवरच्या गावचा. बोटीवर तो सारंग होता (सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम). ह्या बोटीवर त्याची अठरा वर्षं झालेली. नाव नीलरत्ना व्हायच्या आधीपासून तो हिच्यावर. महामारीत सगळ्या बोटी बंद पडल्या, तेव्हा ही एका बंदरात वर्षभर नुसती बांधून ठेवलेली होती, आणि राखायला जी दहा-बारा माणसं होती त्यांत हा. मी म्हटलं, कंटाळा आला असेल. म्हणाला, "बाय, मशीन बंद, दिवे बंद. एवढी मोठी बोट आणि आम्ही बारा. स्वतःच्या चपलेचा आवाज ऐकून दचकायचो."

मी डायरी त्याच्या हातात दिली. आपल्या बाईमाणसाला एकदा बोलायला लागलं की थांबता येत नाही, पण ज्वारीचं मात्र मी सांगितलं नाही. ते ह्यांचं होतं. एवढंच म्हटलं, ह्यांनी जोडलेली तुळई आहे, हात लावायचा आहे, नंतर ती राहणार नाही.

सारंगानं डायरी वाचली. नव्या तुकड्याची पुढची शिवण, डावी बाजू, खालून तिसरा मजला. त्यानं दाढीवरून हात फिरवला. "आरामखुर्च्यांची खोली," म्हणाला. मग कुठल्याशा अधिकाऱ्याला फोन केला, बरंच बोलला, आणि आम्हाला दोन टोप्या आणून दिल्या. पिवळ्या. "वीस मिनिटं. मोसम संपत आला म्हणून साहेब हो म्हणाले."

एक साधं दार उघडलं आणि बोट बदललीच. इकडं गालिचा आणि झुंबर, तिकडं उघडे पाइप, पिवळट रंग, कपडे धुण्याचा वास. आपल्या लग्नाच्या कार्यालयात मांडवामागं गेलं की आचाऱ्यांचा भाग लागतो, तसं. जिने उभे होते. सारंग पुढं, हे मध्ये, मी मागं. ह्यांच्या पायाला अंदाज नव्हता, पण हात बरोबर जागी पडत होते.

खोलीत मोडक्या आरामखुर्च्या रचलेल्या. सारंगानं चार बाजूला सारल्या. मागं बोटीच्या अंगाला लागून, गुडघ्याएवढ्या उंचीवर, चौकोनी तुळई गेलेली. हे खाली बसले. तुळईवर तळहात ठेवला आणि सरकवत सरकवत एका जागी थांबवला.

"हितं रंग काढा."

सारंगानं पातं आडवं धरून खरवडलं. पांढरा रंग निघाला, खाली निळा, त्याखाली राखाडी. मग लोखंड. ह्यांनी बोट लावलं. मीही वाकून बघत होते, पण त्यांनाच वाचू दिलं.

"चार," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "एक." सात त्यांनी तोंडानं म्हटलाच नाही.

मी म्हटलं, "तुमचाच हाय की. राहिला की जोड."

"थांब. शेजारी दुसरा नंबर हाय का बघ. कापून परत केला असंल तर दुसऱ्याचा नंबर असंल."

आम्ही सगळीकडं बघितलं. सारंगानं वीतभर आणखी खरवडलं. दुसरा नंबर नव्हता.

मला वाटलं, झालं. पण ह्यांचं तोंड तसंच. म्हणाले, "माझा नंबर मी तुळईवर ठोकला हुता, पट्टीवर न्हाय. पट्टी कापून दुसरी लावली आन् घाईत नंबर ठोकला न्हाय, तरी हे असंच दिसंल. ह्यावरनं काय कळत न्हाय." आणि उठायला लागले.

मला राहवलं नाही. पंचवीस वर्षं एका माणसानं ह्या जोडामागं घालवली, आणि आता हात लागला तरी उठून चाललाय. मी सारंगाला म्हटलं, "भाऊ, ह्यात ह्यांनी ज्वारी घातली हुती."

"काय घातली?"

"ज्वारी. मूठभर. चौकटीखाली घालत्यात तशी." आणि सगळं सांगितलं. लाह्यांचं, फुलीचं, सगळं. हे मान खाली घालून ऐकत होते, शाळेत उभं केल्यासारखे.

सारंग एका आरामखुर्चीवर बसला. खुर्ची मोडकी होती, तो तिरपा झाला, पण उठला नाही.

"चाचा," म्हणाला, "म्हणजे आमचा उंदीर तुम्ही घातलात?"

आम्हाला कळेना. मग त्यानं सांगितलं. तो ह्या बोटीवर चढला त्याच्याही आधीपासून खलाशांत बोललं जायचं की तिसऱ्या मजल्यावर डावीकडं उंदीर आहे. बोट कलली की भिंतीतून सळसळ येते. पिंजरे लावले, चिकट कागद लावले, औषध मारलं. एका बंदरात तपासणीवाल्यानं तो आवाज ऐकला आणि बोटीला दिवसभर अडकवून ठेवलं. एका कप्तानानं तर मांजर आणलं होतं. ते मांजर ह्या तुळईवर येऊन बसायचं आणि नुसतं ऐकायचं.

"त्या वर्षी आम्ही बारा जण होतो ना, तेव्हा वारा आला की तो आवाज यायचा," सारंग म्हणाला. "मी पोरांना सांगायचो, घाबरू नका, उंदीर आहे सोबतीला. तो कधी गावला नाय. गावणार कसा."

हे म्हणाले, "आवाज कसा येतोय?"

"तो आता येणार नाय. समुद्र बघा, तेलासारखा. पण..." त्यानं घड्याळ बघितलं. "गोव्याकडं अजून वेळ आहे म्हणून एक चक्कर मारतात. आता वळेल थोड्या वेळात. वळताना कलते."

ह्यांनी टोपी काढली आणि कान तुळईला लावला. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. मशीनची घरघर चालू होती. वीस मिनिटं कधीच होऊन गेली होती, सारंगाच्या कमरेचा फोन दोनदा वाजला, त्यानं तो दाबून टाकला.

मग आरामखुर्च्या जराशा सरकल्या. माझं अंग आपोआप डावीकडं झुकलं. आणि तुळईतून आवाज आला. हलकासा, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं जाणारा.

तो मला त्यांच्याआधी कळला. मशीन सोडलं तर माझं सगळं आयुष्य सुपापुढं गेलंय. सूप तिरपं केल्यावर ज्वारी एका कडेला जाते ना, तो आवाज. लाह्यांचा नाही. लाह्या वाजत नाहीत. दाणे वाजतात.

"अवो," मी म्हटलं, "सगळ्याच्या लाह्या न्हाय झाल्या. पट्टीजवळच्याच झाल्या असतील. दाणं हायती आत."

बोट सरळ झाली. आवाज परत उलटा आला आणि थांबला.

हे कितीतरी वेळ तसेच कान लावून बसले. मग हळूहळू, एकेक शब्द ठेवल्यासारखं म्हणाले, "उघडलं असतं, तर सांडली असती."

"व्हय."

"म्हणजे उघडलंच न्हाय कुणी."

"न्हाय उघडलं."

"तपासला आन् तसाच ठेवला." त्यांनी जोडावरून अंगठा फिरवला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. "चांगला हुता की मग."

सारंग दाराकडं तोंड करून उभा राहिला. मी पदरानं त्यांच्या कपाळावरचा रंगाचा भुगा पुसला.

निघताना हे थांबले. म्हणाले, "हिला तोडतील तवा गॅसनं कापतील. बंद तुळईला कापणारा भितोय. आत काय असंल सांगता येत न्हाय. त्यात तडतड झाली तर तो पोरगा पळंल, पडंल." त्यांना तो मुकादम आठवला असणार. सारंग म्हणाला, ते बरोबर आहे, पण उपाय काय. हे म्हणाले, "लिवून ठेवू की."

सारंगानं रंगाचा जाड पेन आणला. हे म्हणाले, तू लिही, तुझं अक्षर वाचता येतंय. मी खरवडलेल्या जागेशेजारी मराठीत लिहिलं, "आत ज्वारी आहे. आवाज आला तर घाबरू नये. आधी भोक पाडून घ्यावे." सारंगानं तेच हिंदीत सांगितलं, तेही खाली लिहिलं, कारण तिकडं कापायला लांबलांबच्या मुलखातली माणसं असतात. मग मी विचारलं, नाव घालू का? हे म्हणाले, "नाव कशाला. नंबर हाय की."

तिसऱ्या दिवशी गोवा बघितलं. देऊळ बघितलं, नारळपाणी प्यालो, उन्हात माझी चप्पल तुटली ती रस्त्यावर शिवून घेतली. ह्यांनी दुपारी दोन ताटल्या भात खाल्ला. हे सगळं छान होतं, पण ते कुणीही लिहील.

परत मुंबईत उतरलो तेव्हा तपासणीवाल्यानं खरंच दह्याचा डबा परत दिला. मी तो उघडला नाही. सारंग खाली जिन्यापर्यंत आला होता. त्याची बदली दुसऱ्या बोटीवर होणार आहे, ही गुजरातला तोडायला सोडून आल्यावर. ह्यांनी त्याचा हात बराच वेळ धरून ठेवला. तो म्हणाला, "नव्या बोटीत आवाज नसेल, चाचा. झोप कशी लागेल बघू." राहिलेल्या कडक भाकऱ्या मी त्याला दिल्या.

कुर्डुवाडी गेल्यावर समोरच्या बाकावरच्या माणसानं सहज विचारलं, कुठून आलात काका. एरवी हे अशा प्रश्नाला मुंबई म्हणून मोकळे होतात. ह्या खेपेला त्यांनी नीट सांगितलं. बोट कशी कापतात, कशी सरकवतात, जोडताना आधी कुठं टाके घालतात आणि का. त्या माणसाचं स्टेशन आलं तरी संपलं नव्हतं. ज्वारीचंही सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत बसले. इतकी वर्षं मी एकटीनं सांभाळलेली गोष्ट आता गाडीतल्या परक्या माणसाला कळली, आणि मला चक्क हलकं वाटलं.

बोट तोडायला गेली का, कुणी ते लिहिलेलं वाचलं का, ते मला माहीत नाही. विचारायलाही कुणाला सांगितलं नाही. काही गोष्टींचं आपल्या वाट्याचं काम झालं की पुढचं दुसऱ्याच्या हाती असतं, टॉवेल शिवून गठ्ठा बांधला की तो कुणाच्या तोंडाला लागणार हे आपण कुठं बघायला जातो.

मंगळवेढ्याहून नवी ज्वारी आली. परवा दुपारी मी पुढच्या सोप्यात पाखडायला बसले. सूप तिरपं केलं, दाणे एका कडेला गेले. आत पलंगावर हे पडलेले. मला वाटलं झोपलेत.

आतून आवाज आला, "काय गं, बोट वळाली व्हय?"